डावीकडचा ब्रेक

एकतीस वर्षं मी डावीकडे बसलोय.
स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात,
ब्रेक मात्र माझ्याही पायाखाली,
नाना पेठेतून वेल्ड करून घेतलेला,
रबर चार वेळा बदललेलं.
छपरावर पिवळी पाटी : शिकाऊ वाहन, अंतर ठेवा.
ती वाचूनसुद्धा लोक मागून हॉर्न देतात.
पुणं आहे, वाचायला येतं सगळ्यांना.

मार्चमध्ये तन्मय शिंगोटे आला.
म्हणाला, सर, गाडी मला येते तशी,
गेममध्ये दोनशेऐंशीनं मारतो,
वळणावर मागची चाकं सरकवत.
पौड फाट्याच्या उड्डाणपुलावर, चढाला,
तीनदा बंद पडली त्याची.
मागे पीएमटी, पीएमटीच्या मागे अख्खं कोथरूड.
घामेजल्या बोटांनी त्यानं डॅशबोर्ड चाचपला :
सर, पुन्हा पहिल्यापासून कुठून करायचं?
म्हटलं, किल्ली फिरव.
आणि मागे बघू नकोस, ते ओरडणारच.

टिकेकरबाई एकसष्टाव्या वर्षी शिकायला आल्या.
गाडी दोन वर्षं कव्हराखाली उभी होती,
कुणाची ते मी विचारलं नाही.
त्या वहीत लिहून घ्यायच्या.
हाफ क्लच म्हणजे नेमका किती, ढमढेरे?
निम्मा म्हणजे सेंटिमीटरमध्ये किती?
म्हटलं, बाई, दूध उतू जायच्या आधी
कळतं ना आपल्याला, न बघता? तेवढा.
गाडी जराशी थरथरते, नाक उचलते,
तिथं पाय धरून ठेवायचा.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
दूध मी मायक्रोवेव्हमध्ये तापवते हो.

तरी शिकल्या. एकदा कात्रजपर्यंत जाऊन आल्या,
एकट्या, दही घेऊन.

आता माझ्या मुलीनं गाडी घेतली.
क्लच नाही.
मी दोनदा वाकून बघितलं, खरंच नाही.
म्हणजे माझा निम्मा अभ्यासक्रम कारखान्यातच वगळलेला.
मधोमध पडदा, आमच्या पहिल्या टीव्हीएवढा असेल,
मागे घेताना त्यावर पिवळ्या रेषा उमटतात,
आपण कुठं जाऊन आदळू ते वाकवून दाखवतात.
मी मुलांना मान वळवायला शिकवली.
काही जणांच्या हनुवट्या धरून वळवली.

आणि ती आतली बाई.
'कुमठेकर'ला अडखळते, 'पेठ'चं पेथ करते,
चुकलो तर चिडत नाही,
नवा रस्ता काढते, त्याच आवाजात.
एकतीस वर्षांत मला हे एकदाही जमलं नाही.
विचारा कुणालाही.

परवा राजाराम पुलाच्या सिग्नलला
पाठीवर जेवणाची पेटी बांधलेला पोरगा
डावीकडून आडवा घुसला, एक डोळा मोबाईलवर.
माझा पाय गेला.
पायदळणीवर, जिथं काही नाही, तिथं, पूर्ण.
गाडी थांबली.
अवनी म्हणाली, मी दाबला.
पडद्यावर आलं, गाडीनं दाबला.
मी काही बोललो नाही.
पोटरी मात्र सिंहगड रोड संपेपर्यंत दुखत होती.

बाबा, तिथं ब्रेक नाहीये,
ती म्हणाली, धायरीच्या अलीकडे.
माहितीये, म्हटलं.
मग रेडिओ लावला तिनं. बातम्या होत्या,
विनाचालक गाड्यांच्या.
दोघांनी शेवटपर्यंत ऐकल्या.

काल सर्व्हिसिंगहून आली तर सांगत होती,
मेकॅनिकनं डाव्या बाजूची मॅट उचलून दाखवली :
मॅडम, चारच महिने झालेत,
टाचेपाशी भोक पडत आलंय, बदलू?
नको म्हणाले, म्हणाली.

धुलाईचे तीनशे मात्र लावलेच त्यांनी.
त्या भोकासकट.